दात जिवंत असतो का?

हा प्रश्न वर्गात विचारला तर उत्तरे दोन्ही बाजूंनी येतात. शास्त्रज्ञांनाही तो दीर्घकाळ पडलेला होता.

१६२८ साली हार्वेने रक्ताभिसरण मांडले. रोहिणी व नीला यांना जोडणाऱ्या केशवाहिन्या १६६१ मध्ये माल्पिघीने बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या. मग प्रत्येक जिवंत भागात रक्तवाहिन्या हव्यातच, असे वाटणे साहजिक होते. १६७८ साली लेवेनहुकने दाताचा कठीण भाग सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्याला असंख्य बारीक नळ्या दिसल्या, पण त्या रक्ताच्या नव्हत्या.

लंडनच्या जॉन हंटरने रक्तवाहिन्यांत रंगीत द्रव भरून पाहिला. दाताच्या पोकळीतील मऊ दंतमज्जा रंगली, कठीण भाग कोराच राहिला. कठीण भागात रक्तवाहिन्या नाहीत, असे त्याने १७७१ च्या ग्रंथात लिहिले. म्हणून दात निर्जीव आहे, असे मात्र त्याने म्हटले नाही. त्याने माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवला होता. तो तेथे रुजला आणि तुऱ्याच्या रक्तवाहिन्या त्याला जोडल्या गेल्या!

मग कठीण भागाचे पोषण होते कसे? विसाव्या शतकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने याचा उलगडा केला. मुळाच्या टोकाच्या छिद्रातून शिरलेल्या रक्तवाहिन्यांना वर फांद्या फुटतात. डेंटिन बनवणाऱ्या पेशींच्या थराखाली केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. केशवाहिनी जेमतेम ८ मायक्रोमीटर रुंद; तांबड्या पेशी तिच्यातून एकामागून एक जातात. भिंत एकाच पेशीच्या जाडीची. काही केशवाहिन्यांच्या भिंतीत मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान खिडक्या असतात, बहुधा तलम पडद्याने झाकलेल्या. तेथून पोषक द्रव्ये चटकन पाझरतात आणि पेशींपर्यंत पोहोचतात. या पेशींचे तंतू लेवेनहुकच्या नळ्यांत शिरलेले असतात. त्या नळ्या मज्जेजवळही २-३ मायक्रोमीटरच रुंद. केशवाहिनी त्यांत मावणारच नाही. रक्त बाहेर थांबते, पोषण आत जाते.

या रचनेची एक किंमत आहे. कीड खोल गेली की मज्जेला सूज येते, केशवाहिन्यांतून द्रव पाझरतो. पण भोवतीच्या कठीण भिंती हलत नाहीत. आतला दाब वाढतो, दात ठणकतो. रक्तपुरवठा तुटला तर मज्जा मरते.

‘रक्तवाहिनी दिसली नाही’ आणि ‘जीव नाही’ या दोन वाक्यांतले अंतर हंटरने ओळखले होते. दाताची आकृती फळ्यावर काढताना मधली पोकळी आपण रिकामी सोडू नये. तेथे लाल खडूने जाळे काढावे, असे आम्हांला वाटते.