शनिवारवाड्यातील सासू-सून



आपल्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला, तेव्हा मी प्रथम लोणच्याचे प्रमाण लिहून देते म्हणाले. परंतु लोणच्यावर दोन लेख आधीच आले होते! म्हणून इतिहासाकडे वळले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जे वाचले, ऐकले व मनात घोळले तेच लिहिते आहे. चूक दिसली तर पदरात घ्यावी.

माझा मुलगा रात्र-रात्र मोबाइलवर 'गेम ऑफ थ्रोन्स' नावाची परदेशी मालिका पाहत बसे. एका सिंहासनासाठी भाऊ भावाला मारतो, राण्या डाव टाकतात, मध्येच अजगरासारखे उडणारे प्राणी आग ओकतात. मुलगा म्हणाला, "आई, ही नुसती कल्पना नाही, विलायतेत पूर्वी दोन घराण्यांची गादीसाठी लढाई झाली, त्यावरून लेखकाला सुचले." मी म्हटले, अरे, मग एवढ्या लांब कशाला जातोस? बस पकड आणि शनिवारवाड्याला जा. उडणारे प्राणी तेवढे मिळणार नाहीत.

ती कथा आपल्याला तोंडपाठ असते. 1761 साली पानिपत झाले, नानासाहेब पेशवे खचून त्याच वर्षी गेले, आणि सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले. काका राघोबादादांना गादी आपल्याकडे यावी असे वाटे. काका-पुतण्यांच्या फौजाही एकमेकींशी लढल्या. शेवटी 1768 साली धोडपला दादांचा पराभव झाला आणि माधवरावांनी त्यांना वाड्यातच नजरकैदेत ठेविले. माधवराव 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला क्षयाने वारले. धाकटे नारायणराव पेशवे झाले ते सतरा वर्षांचे. स्वभाव तापट, अनुभव बेताचा, आणि काका त्याच वाड्यात बंदीत.

30 ऑगस्ट 1773, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. गणपती बसलेले. दुपारची वेळ. सुमेरसिंग वगैरे गारदी पगाराच्या थकबाकीचे निमित्त करून वाड्यात घुसले. असे सांगतात, की सकाळीच नारायणरावांना कुणकुण लागली होती व त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करावयास सांगितले होते. पण हरिपंत आधी जेवावयास गेले. एका जेवणाची वेळ ती काय, पण मला ही गोष्ट वाचली की घास घशात अडकल्यासारखे होते. नारायणराव धावत काकांकडे गेले आणि काकांना मिठी मारून "वाचवा" म्हणाले. तुळाजी पवाराने त्यांना ओढले. चापाजी टिळेकर हा स्वामिनिष्ठ सेवक त्यांच्या अंगावर पडला, तोही कापला गेला. ज्या दाराने प्रेत बाहेर नेले त्याला आपण आजही नारायण दरवाजा म्हणतो.

आता माझ्या मनातली गोष्ट. या सगळ्यात पुण्यातल्या बायकांच्या तोंडी नाव कोणाचे राहिले? आनंदीबाईचे. कोणी सून जरा हुशार निघाली, हिशेब मागू लागली, की "ही आनंदीबाई आहे हो!" आमच्या सासरी घराची वाटणी झाली तेव्हा मी फक्त कागद वाचून दाखवा एवढेच म्हणाले, तर भर बैठकीत मला हेच नाव मिळाले. कोणी दिले ते लिहीत नाही. त्या दिवसापासून मात्र या बाईविषयी मिळेल ते वाचावयास लागले.

'ध' चा 'मा' केला म्हणतात. दादांनी नारायणरावांना "धरावे" असे लिहून दिले, आणि आनंदीबाईने अक्षर बदलून "मारावे" केले. नाटकांतून, कीर्तनांतून हे इतके पसरले की म्हणच झाली. पण ते बदललेले अक्षर असलेला मूळ कागद आज कोठे पाहावयास मिळत नाही. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली व देहान्त प्रायश्चित्त सांगितले, ते राघोबादादांना. गारदी मेळविण्याचा लाभ दादांचा, बंदीतून सुटका दादांची, पेशवाईची वस्त्रेही दादांनाच मिळाली. आनंदीबाई निष्पाप होती असे मी म्हणत नाही. तिला नवऱ्याची गादी हवी होती यात शंका नाही. परंतु एवढ्या मोठ्या पापाचे सगळे ओझे एका अक्षरावर आणि एका बाईवर टाकून पुरुष मंडळी कशी सुटली, हे मला कळत नाही.

दुसरी बाई गंगाबाई, नारायणरावांची पत्नी. नात्याने आनंदीबाईची चुलतसून. नवरा त्याच वाड्यात कापला गेला, आणि तिला दिवस गेलेले. नाना फडणीस, सखारामबापू बोकील, हरिपंत, त्रिंबकराव पेठे वगैरे मुत्सद्द्यांनी दादांविरुद्ध कट केला, तेच बारभाईंचे कारस्थान. (कारस्थान हा शब्द तेव्हा आजच्याइतका वाईट नव्हता.) जानेवारी 1774 मध्ये त्यांनी गंगाबाईला पुण्याबाहेर काढून पुरंदर किल्ल्यावर नेले. सोबत भाऊसाहेबांची पार्वतीबाई होती. पानिपतानंतर ती भाऊंची वाट पाहत राहिली होती आणि स्वतःला सौभाग्यवतीच मानीत होती. एक नवरा गेलेली, एक न गेलेला समजणारी, अशा दोघीजणी गडावर.

आपण बाळंतपणे केलेल्या बायका आहोत, म्हणून विचारते. थंडीवाऱ्याचा तो गड, पोटातल्या जिवावर सगळे राज्य टांगलेले, आणि मुलगी झाली तर? बापे कारभारी बाहेर खलबते करीत बसले असतील, पण रात्री कूस बदलताना त्या मुलीच्या मनात काय येत असेल? मुलगी झाली तर अदलाबदल करता यावी म्हणून इतर गर्भवती बायकाही गडावर आणून ठेवल्या होत्या, अशी वदंता होती. मार्चमध्ये पंढरपूरजवळ कासेगावला दादांशी झालेल्या लढाईत त्रिंबकराव पेठे कामास आले. बातमी गडावर पोचली तेव्हा गंगाबाईचे दिवस भरत आलेले होते.

18 एप्रिल 1774 रोजी मुलगा झाला, सवाई माधवराव. चाळिसाव्या दिवशी तान्ह्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. बाळाला पाळण्यातून उचलून दरबारात बसविण्याची ही तऱ्हा! दादांकडून तर मूल खरे नव्हेच असे उठविले गेले. गंगाबाईला हे सगळे फार दिवस पाहावयास मिळाले नाही. 1777 साली ती वारली, तेव्हा मुलगा तीन वर्षांचा होता.

आणि ज्या वर्षी गंगाबाई पुरंदरावर बाळंत झाली, त्याच वर्षी आनंदीबाईलाही दिवस गेले होते. दादा बारभाईंच्या फौजांपुढे पळत होते, त्यांनी तिला धारच्या किल्ल्यात पवारांच्या आश्रयाला ठेविले. तेथे 10 जानेवारी 1775 रोजी तिला मुलगा झाला, तो दुसरा बाजीराव. मार्चमध्ये दादांनी सुरतेस इंग्रजांशी तह केला आणि परक्याला आपल्या घरच्या भांडणात बोलाविले. वर्षाच्या आतबाहेर दोन किल्ल्यांत दोन बाळंतिणी, दोघींचे नवरे जवळ नाहीत, आणि दोन्ही बाळे पुढे पेशवे. हे वाचले तेव्हा माझ्या हातातले निवडण्याचे ताट तसेच राहिले.

1782 मध्ये सालबाईचा तह झाला, इंग्रजांनी दादांचा हात सोडला. पुढच्या वर्षी दादा कोपरगावला वारले, तेव्हाही आनंदीबाई गरोदर होती. चिमाजी अप्पा बाप गेल्यावर जन्मला. मुलांसह तिच्यावर पहारा राहिला. शेवटची वर्षे तिने नाशिकजवळ आनंदवल्लीस काढली आणि 1794 साली तेथेच ती वारली. 1795 च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून गेले. गंगाबाईचा वंश तेथे संपला. पुढच्या वर्षाच्या डिसेंबरात आनंदीबाईचा बाजीराव पेशवा झाला. ज्यासाठी तिचे नाव अजून शिवीसारखे वापरतात ती गादी घरात आली, तेव्हा ती दोन वर्षांपूर्वीच गेलेली होती.

आनंदवल्ली आता नाशिक शहरातच आली आहे. पुढील वर्षी मंडळाची सहल त्र्यंबकेश्वरला न्यावयाची ठरली तर वाटेत तासभर तेथे थांबावे, अशी सूचना मी कार्यकारिणीपुढे ठेवणार आहे.