टीक, तेग आणि साग

यल्लापूरहून हुबळीला जाताना कलघटगी लागते. इथले रंगीत लाकडी पाळणे प्रसिद्ध, फळ्यांवर रामायण, कृष्णलीला रंगवलेली. आपण म्हणू सागवानी पाळणा. कन्नड माणूस सागाला 'तेग' म्हणतो. इंग्रजी 'टीक' हा या तेगचाच सोयरा. पण साहेबाला तो आयता मिळाला, पोर्तुगिजांकडून! मल्याळममधल्या 'तेक्क'चे त्यांनी 'तेका' केले, त्याचे पुढे 'टीक'.

आपला 'साग' संस्कृत 'शाका'वरून आला, आणि अरबीत तो 'साज' झाला. एकाच झाडाची दोन नावे दोन वाटांनी परदेशी गेली. अरबांनी उत्तरेकडचे उचलले, पोर्तुगिजांनी मलबारचे. ज्याने जिथे लाकूड घेतले, तिथलेच नाव नेले, असे मला वाटते.

इंग्रजीत झाड आणि लाकूड दोन्ही 'टीक'च. व्यापाऱ्यांनी मात्र शब्द फार सैल केला. 'आफ्रिकन टीक' म्हणून जे इरोको लाकूड विकतात, त्याचा सागाशी काडीचाही संबंध नाही.

खरा साग बघायचा तर लिस्बनसमोर आल्मादाला जावे. दमणात 1843 साली बांधलेले 'दों फेर्नांदु दुसरा इ ग्लोरिया' हे सागवानी जहाज तिथे आहे. 1963 मध्ये ते जळाले. 1998 मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उभे राहिले.