नीवाराचे ऋण



कालिदासाचा दुष्यंत कण्वाच्या तपोवनाजवळ येतो, तेव्हा आश्रमाची सीमा लागली हे तो ज्या खुणांवरून ओळखतो, त्यांत झाडाखाली विखुरलेले नीवाराचे दाणे आहेत. पोपटांच्या ढोलींतून ते खाली पडलेले असतात. नीवार म्हणजे न नांगरता, न पेरता उगवणारे रानभात, ऋषिमुनींचे अन्न. ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य करण्याची जी चाल आपल्या घरांतून आहे, तीत अशाच आहाराचे स्मरण आहे. शेतकऱ्यास मात्र या गवताचे प्रेम वाटण्याचे कारण नाही. त्याचे दाणे बारीक असतात आणि पक्व होताच झडून चिखलात पडतात. अशा या उपेक्षित तृणाने विसाव्या शतकात आशियाच्या अन्नावर जे उपकार केले, त्यांची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

१९६० साली फिलिपीन्समध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली. लॉस बान्योस येथील या संस्थेने १९६६ साली 'आय. आर. ८' नावाचा वाण शेतकऱ्यांच्या हाती दिला. हे भात बुटके होते. भरपूर खत घातले तरी ते लोळत नसे, आणि जुन्या वाणांच्या मानाने त्याचे उत्पन्न पुष्कळच अधिक येई. ज्या देशांना दुष्काळाची धास्ती होती, त्यांनी त्याचा आनंदाने स्वीकार केला. पाण्याची सोय होती तेथे वर्षातून दोन-दोन पिके निघू लागली.

परंतु या समृद्धीच्या पोटातच एक भय दडलेले होते. पूर्वी एकेका गावात भाताचे अनेक वाण नांदत. कोणी हळवे, कोणी गरवे. कोणी पाण्यात तग धरणारे, तर कोणी अवर्षण सोसणारे. एखादा रोग आला तरी तो साऱ्यांना सारखाच बाधत नसे. आता मैलोगणती एकाच घडणीची रोपे उभी राहिली. एकाला जे मारक, ते सर्वांनाच मारक ठरणार होते.

आणि तसेच घडले. बारमाही पिकांमुळे तपकिरी तुडतुड्यांना अखंड आसरा मिळाला. हे कीटक रोपांचा रस तर शोषतातच. पण त्यांच्याबरोबर 'ग्रासी स्टंट' नावाचा विषाणुजन्य रोगही पसरतो. रोगट रोप खुरटते, त्याला गवतासारखे असंख्य फुटवे येतात, आणि लोंबी धरलीच तर दाणा भरत नाही. एकदा रोग जडला म्हणजे रोप बरे करणारे औषध नाही. १९७०च्या दशकात आशियातील अनेक देशांच्या भातशेतीला या संकटाने ग्रासले.

उपाय एकच होता. ज्याला हा रोग होत नाही, असे भात शोधून काढावयाचे. संस्थेच्या संग्रहातील सहा हजारांहून अधिक नमुने तपासले गेले. त्यांत देशोदेशींचे लागवडीचे वाण होते, तशाच रानटी जातीही होत्या. पुरेसा प्रतिकार दिसला तो एकाच नमुन्यात. उत्तर प्रदेशातून गोळा केलेले ते रानभात होते. १९६५ साली शर्मा आणि शास्त्री या भारतीय शास्त्रज्ञांनी त्या जातीला 'ओरायझा निवारा' हे नाव दिले होते. संस्कृतातील नीवार तो हाच शब्द!

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हा गुण नीवाराच्या सर्व जातीत नव्हता. त्याच जातीचे इतर नमुने रोगाला बळी पडले. इतकेच काय, निवडलेल्या नमुन्यातही मोजकीच रोपे निरोगी राहिली. एकाच जातीच्या, डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या व्यक्तींत आनुवंशिक भेद असतात, ते असे. जनुकांत सहजगत्या बदल होत राहतात. त्यांतले काही पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. त्यांचा उपयोग काय, हे आगाऊ कोणालाच सांगता येत नाही.

पंजाबात जन्मलेले डॉ. गुरुदेवसिंग खूश यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रानभाताचा लागवडीच्या वाणांशी संकर केला. दाणे झडण्यासारखे रानटी दोष जावेत आणि प्रतिकाराचे ते एक प्रभावी जनुक मात्र राहावे, म्हणून संततीचा पुन्हा पुन्हा मूळ वाणांशी संयोग घडवून आणला. १९७४ साली पहिले प्रतिकारक्षम वाण बाहेर पडले, आणि १९७६ साली 'आय. आर. ३६' आला. १९८०च्या दशकात तो आशियात एक कोटीहून अधिक हेक्टरांवर पेरला जात होता. मूठभर रानगवताच्या एका जनुकाची छाया एवढ्या विस्तीर्ण शेतीवर पडली होती.

कथा येथेच संपली असती तर बरे झाले असते. परंतु १९८०च्या दशकाच्या आरंभीच फिलिपीन्समध्ये त्या विषाणूचा निराळा प्रकार आढळला, आणि त्याच्यापुढे नीवाराचे हे जनुक निष्प्रभ ठरले. निसर्गात कोणताही विजय कायमचा नसतो. पुढील शोधासाठी भांडार भरलेले असावे लागते.

हे भांडार आज दोन ठिकाणी आहे. एक शीतगृहांत, नॉर्वेच्या स्वालबार बेटांवर २००८ साली उघडलेल्या बीजकोठारात जगभरच्या वाणांची बीजे गोठवून ठेविली जातात. दुसरे आपल्या दाराशी, तळ्यांच्या काठी आणि दलदलीत. कोठारातले बीज सुरक्षित असते, पण ते निद्रिस्त असते. डबक्याकाठचे नीवार मात्र दरवर्षी नव्या रोगांशी आणि नव्या ऋतूंशी झगडत बदलत राहते. आपण तळी बुजवितो, पाणथळ जागांवर घरे बांधतो, तेव्हा तेथील कोणत्या रोपात उद्याचे अन्न दडले होते याची नोंद कोठेच राहत नाही. उत्तर प्रदेशातील ते बीज वेळेवर कोणीतरी उचलून जपून ठेविले, म्हणून ते कामी आले. ताटातला भात कालवताना या रानटी आप्ताची आठवण ठेवावी, एवढेच आपणांपाशी मागणे आहे.