भूतानचे राजे आणि १९५८ची पावती

आज भूतान.

१९५८ साली पंडित नेहरू भूतानला गेले तेव्हा तिथे जायला गाडीरस्ताच नव्हता. सिक्कीममधून नथुला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यांवर आणि याकवर बसत ते पारोला पोहोचले. तेव्हाचे राजे जिग्मे दोरजी वांगचुक, तिसरे. त्यांनी १९५३ला राष्ट्रीय सभा स्थापन केली, भूदासांची पद्धत बंद केली, १९६१पासून भारताच्या पैशांतून पंचवार्षिक योजना आणि रस्ते आले. हे बऱ्याच देशांत झालंय. मी अडकलो ते पुढच्या गोष्टीवर. १९६८ला त्यांनी स्वतःचा नकाराधिकार सोडला. त्याच सुमारास असंही ठरलं, की दोन तृतीयांश सभासद विरोधात गेले तर राजानं गादी सोडायची. आमच्या धंद्यात ॲडमिनचा पासवर्ड कुणी असा आपणहून देत नाही हो!

ते १९७२ला वारले. सोळा वर्षांचा मुलगा, जिग्मे सिंग्ये, राजा झाला. १९९९ला टीव्ही आणि इंटरनेट, २००६ला गादीचा त्याग, २००८ला निवडणूक. राजानं ६५व्या वर्षी निवृत्त व्हायचं, हेही राज्यघटनेत आलं.

आता परत १९५८कडे या. त्याच वर्षीच्या कायद्यानं दक्षिणेतल्या नेपाळीभाषक ल्होत्शाम्पांना नागरिकत्व मिळालं होतं. पण १९८५ला नवा कायदा आला आणि १९८८पासून दक्षिणेत जनगणना. पुरावा काय मागितला? १९५८ सालची करपावती. १९५७ची किंवा १९५९ची दाखवली तरी अनेकांना परके ठरवलं गेलं. (आमच्या आजीनं वीजबिलंसुद्धा जपलीत, पण तीस वर्षांपूर्वीची नेमकी एका सालची पावती मागितली तर तीही हात टेकेल.) सरकारचं म्हणणं, हे बेकायदा घुसलेले लोक. मग घो-किराची सक्ती, शाळेतून नेपाळी बंद, १९९०ला निदर्शनं, अटका. सुमारे एक लाख माणसं नेपाळच्या झापा आणि मोरंगमधल्या छावण्यांत गेली.

हे चौथ्या राजाच्याच काळात झालं, ज्याला आपण 'राष्ट्रीय आनंदा'साठी ओळखतो. तिसऱ्यानं दिलेलं नागरिकत्व त्याच्या मुलाच्या राज्यात गेलं. आणि २००८ला भूताननं पहिल्यांदा लोकसभेसाठी मतदान केलं तेव्हा ही मंडळी छावणीतच होती. त्यातले बहुतेक नंतर अमेरिकेत वसले. काही हजार अजून तिथेच आहेत.