दवंडी कुणाची, खर्च कुणाचा?



गावात दवंडी झाली की आपण हातातलं काम बाजूला ठेवतो. डफावर थाप पडते, “ऐका हो ऐका” अशी हाळी कानी येते आणि चुलीपाशी बसलेली बाईसुद्धा पदर सावरत दाराशी येऊन उभी राहते. असं का होतं? कारण दवंडी उगाच होत नाही, हे सर्वांना ठाऊक असतं. 1908 सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेनंही या रिवाजाला मान दिला आहे. स्थावर मालमत्तेच्या जप्तीचा हुकूम डफ वाजवून किंवा गावच्या दुसऱ्या रूढ पद्धतीनं जाहीर करावा, असं तिथं सांगितलं आहे. दवंडीमागे कुणाची तरी परवानगी होती, कुणाची तरी जबाबदारी होती. म्हणून तिच्या शब्दाला वजन होतं.

आता शहरातली दवंडी ऐका. मी डोंबिवलीत राहतो. आमच्या इमारतीतल्या बिऱ्हाडांचा मोबाइलवर एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. एकदा त्यावर सूचना आली की उद्या दिवसभर पाणी येणार नाही. पण तिच्यावर संध्याकाळपर्यंत शिकवणीचे वर्ग, स्वस्त कर्ज, नवे फ्लॅट आणि गुडघेदुखीचं तेल यांच्या जाहिरातींची रास पडली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ती रास पाहिली आणि फोन बाजूला ठेवून दिला. त्यांचे यजमान अंथरुणाला खिळलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ कोरडा आणि घरात दोनच तांबे पाणी! काकू कुणावर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “अहो, हल्ली मी तिथलं काही वाचतच नाही.”

त्या एका वाक्यात या प्रश्नाचा सगळा इतिहास आहे, असं मला वाटतं.

पूर्वी सांगणाऱ्याला खर्च पडत असे. पत्राला तिकीट लागे. तारेला तर शब्दागणिक पैसे. त्यामुळे माणूस मजकूर दहादा खोडून लिही. आपली तारसेवा 2013 सालच्या जुलैत बंद झाली, तोवर हा हिशेब चालला. वर्तमानपत्रांनीही शिस्त घालून दिली. ठाण्यात 1866 साली ‘अरुणोदय’ हे साप्ताहिक निघालं. अशा पत्रांतून मराठी वाचकाला छापील बातमीची सवय लागली आणि जाहिरात वेगळी ओळखण्याचीही. वृत्तपत्रात जाहिरातदार जागेचे पैसे मोजतो. बातमी कुठं संपली आणि जाहिरात कुठं सुरू झाली, हे वाचकाला दिसावं असा तिथला संकेत आहे.

हा हिशेब फिरला तो संगणकाच्या टपालात. 3 मे 1978 या दिवशी अमेरिकेत गॅरी थुर्क नावाच्या विक्री-अधिकाऱ्यानं आपल्या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात एकाच वेळी सुमारे चारशे लोकांना धाडली. पत्ते इतके झाले की पत्त्यांच्या जागेत न मावता ते मजकुराच्या जागेत सांडले! ते जाळं संशोधनासाठी होतं. साहजिकच तक्रारी आल्या. पण विक्रीही झाली. पुढं 1994 साली तिथल्याच एका वकील दांपत्यानं हजारो चर्चागटांवर आपली एकच जाहिरात चिकटवली. लोक खवळले. दुसऱ्याच वर्षी, 1995 मध्ये, जाळ्यावर कसं वागावं याची एक नियमावली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी 15 ऑगस्टला आपल्या देशात इंटरनेट सर्वसामान्यांना खुलं झालं. म्हणजे सोय आणि उपद्रव दोन्ही आपल्या दारी जवळजवळ जोडीनंच आली.

यात कारण साधं आहे. पाठवणाऱ्याला एक जाहिरात पाठवायला जितका खर्च, तितकाच हजार पाठवायला. म्हणजे जवळजवळ शून्य. पण वाचणाऱ्या प्रत्येकाची घटकाभर वेळ जाते. खर्च नाहीसा झालेला नाही. तो सांगणाऱ्याच्या खिशातून ऐकणाऱ्याच्या डोक्यावर आला आहे. भिंतीचंही तेच. दुसऱ्याच्या भिंतीवर आपला कागद डकवणं फुकट पडतं, म्हणून भिंती भरतात. सार्वजनिक जागा अशा विद्रूप करू नयेत म्हणून महाराष्ट्रात 1995 साली कायदा करावा लागला. मोबाइलवरच्या गटाच्या भिंतीला मात्र शेजाऱ्यांनीच राखण घातली पाहिजे.

पण म्हणून विकणारा प्रत्येक जण उपद्रवी ठरत नाही, हेही ध्यानात घ्या. आमच्याच इमारतीत एक बाई दिवाळीचा फराळ करून देतात. त्यावर त्यांचं घर चालतं. त्यांना गप्प बसवून कोणतं पुण्य मिळणार? आम्ही बैठक घेतली आणि तीन गोष्टी ठरवल्या. पाणी, वीज, आजारपण यांच्या सूचनांसाठी निराळा गट. तिथं दुसरं काही नाही. शेजाऱ्यांच्या धंद्याला रविवारचा दिवस. सांगायचं ते एकदाच. आणि कुणाचं चुकलं तर चारचौघांत पाणउतारा न करता त्याला एकट्याला सांगायचं. पहिल्या रविवारी फराळाच्या बाईंना पूर्वीपेक्षा जास्त मागणी आली, कारण त्या दिवशी लोक वाचायला म्हणून बसले होते.

शिक्षकबंधू-भगिनींनो, शाळेचे आणि पालकांचे गट आज आपल्याच हाती आहेत. “लांडगा आला रे आला” ही गोष्ट आपण मुलांना शिकवतो. त्या पोरानं गावाचं लाकूड-फाटा काही नेलं नव्हतं. गावाचा कान नेला होता. दवंडीचा डफ गावाच्या मालकीचा असतो. तो कुणी कशासाठीही बडवू लागला, तर पूर येईल त्या रात्री डफ वाजेल आणि दार कुणी उघडणार नाही.