पेटीतला पटवास

नवरात्र संपले, की आई माडीवरची पत्र्याची पेटी खाली उतरवून घ्यायची. लुगडी, शेले, गोधड्या अंगणात उन्हात पडत आणि मागच्या सोप्यात खलबत्त्याचा आवाज सुरू होई. वाळा, नागरमोथा, कापूरकाचरी, वेखंड आणि सुकवलेला दवणा भरड कुटून ती जुन्या मलमलीच्या चिंध्यांत पुड्या बांधी. शेजारच्या अक्का आपला डबा घेऊन येत. त्यांचे घर कानडी. आईचा वाळा तो अक्कांचा लावंच, आईचे वेखंड ते त्यांचे बजे, आमचा केवडा त्यांची केदगी. दवण्यावर मात्र दोघींचे नावानिशी एकमत होई. १९५६च्या राज्यपुनर्रचनेने आमच्या बेळगावात पुष्कळ काही दुभंगले. खलबत्ता एकच राहिला.

आई गेल्यावर पेटी माझ्याकडे आली. तळाशी पुड्यांचा नुसता भुसा झाला होता. मी तो झटकून टाकला आणि बाजारातून डांबरगोळ्या आणून पसरल्या. आपण काय झटकून टाकले, हे तेव्हा कळले नाही.

यंदा नातू झाला. आईच्या इरकली लुगड्याचे दुपटे त्याच्यासाठी काढले, तर त्याला फक्त डांबराचा वास! डॉक्टरांनी तर ते बाळाजवळ नेऊच दिले नाही. या गोळ्या नॅफ्थलीनच्या असतात. काही मुलांच्या रक्तात जी-६-पी-डी नावाच्या विकराची जन्मजात उणीव असते. अशा तान्ह्या बाळाला गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांतल्या वाफेनेही रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. दुपटे धुऊन उन्हात टाकले आणि आईच्या पुडीचे प्रमाण आठवू लागलो. आठवेना. तिने ते कधी लिहून ठेवले नव्हते.

म्हणून ग्रंथांकडे वळलो, आणि थक्क झालो. सहाव्या शतकात अवंतीच्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिता’ लिहिली. ग्रहनक्षत्रांच्या त्या ग्रंथात ‘गंधयुक्ती’ नावाचा एक अध्याय आहे आणि त्यात ‘पटवास’ आहे. पट म्हणजे वस्त्र. ते सुवासिक करणारे चूर्ण म्हणजे पटवास. कृती अगदी साधी: दालचिनी, वाळा आणि तमालपत्र समभाग, त्यांच्या निम्मी वेलची, वर कस्तुरी आणि कापराने वास जागा करायचा. कस्तुरी वगळली, तर हे सारे आपल्या मसाल्याच्या डब्यात आणि कोपऱ्यावरच्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. त्याच अध्यायात, सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर १८२० मिश्रणे होतात, असे गणितही त्याने मांडले आहे. गंधाचा विषय या मंडळींनी केवळ चैनीचा मानला नव्हता.

पुढचा धागा तर आपल्याच मुलखातला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. ती कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. वस्त्रे, उटणी, धूप यांना त्याने राजाच्या उपभोगांत स्वतंत्र जागा दिली आहे. याच संस्कृत ग्रंथातल्या गीतांच्या प्रकरणात जुन्या मराठी आणि कानडी रचनाही येतात. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी या दोन भाषा एका पोथीत शेजारी नांदत होत्या. माझ्या आईच्या मागच्या सोप्यात नांदत होत्या तशाच.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी गंधशास्त्राच्या विस्मृत पोथ्या शोधून त्यांवर लेख लिहिले. त्यांतल्या ‘गंधवाद’ या पोथीला चक्क मराठी टीका आहे! ‘गंधसार’ आणि ‘गंधवाद’ हे दोन्ही ग्रंथ १९८९ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने प्रसिद्ध केले. तिकडे तंजावरच्या मराठी राजांनी जोपासलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात वेखंड, दालचिनी, मिरी, लवंग, कापूर यांच्या पुरचुंड्या पोथ्यांजवळ ठेवण्याची रीत आहे. लुगडे असो वा ताडपत्र, कसर दोघांचीही वैरीण.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. राजासाठी केलेला पटवास ग्रंथांत राहिला; लेकीसुनांसाठी केलेला भुशाबरोबर झटकला गेला. शास्त्र एकच, पण एकाला लेखणी मिळाली आणि दुसरे तोंडी राहिले. ज्या घरात भाषा दोन, तिथे तर अशी विद्या आणखी लवकर निसटते. कारण मुलांना ना वाळा ठाऊक, ना लावंच.

म्हणून आमच्या घरातली पुडी येथे लिहून ठेवतो. दालचिनी, वाळा, तमालपत्र प्रत्येकी दोन तोळे, वेलची एक तोळा. आईच्या आठवणीखातर नागरमोथा आणि वेखंड अर्धा-अर्धा तोळा. सारे कडकडीत वाळवून भरड कुटावे. वस्त्रगाळ केले, तर बारीक पूड कापडातून झिरपते. दुहेरी मलमलीत सैल बांधावे आणि जरीला टेकू देऊ नये. मोठ्यांच्या कपड्यांत चिमूटभर कापूर चालेल. बाळाच्या कपड्यांत तो घालू नये आणि पुडीही त्याच्या हाती लागू देऊ नये. कस्तुरीचा विचारही नको. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कस्तुरीमृगाला अभय आहे. वास उतरला, की पुडी बदलावी. अर्थात पुडीने कसर मरत नाही, फार तर दूर राहते. खरे राखण वर्षातून दोनदा दाखवलेल्या उन्हाचे.

परवा अक्कांच्या लेकीला दोन पुड्या नेऊन दिल्या. तिने एक नाकाशी धरली, डोळे मिटले आणि म्हणाली, “बजे थोडे कमी पडले. तुमच्या आई जास्त घालायच्या.”

घरी येऊन मी वेखंडाचा अर्धा तोळा खोडला आणि पाऊण लिहिला.