थोडे दिवस, अपुरी कामे

मित्रहो, मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने आम्हाला गाठले. म्हणाले, "सर, काळाविषयी दीड तास बोललात. पण आयुष्य थोडं आहे हे एकदा कळल्यावर करायचं काय, ते राहूनच गेलं." प्रश्न रास्त होता. आज त्याकडे वळू, पण तत्त्वज्ञानाच्या वाटेने कमी आणि इतिहासाच्या वाटेने जास्त. आणि ही वाट आपल्या गोंदियावरूनच जाते बरं का.

आम्ही ख्रिस्ती घरात वाढलो. घरात कुणा वडीलधाऱ्यांचा वाढदिवस असला की उपासना व्हायची आणि स्तोत्रसंहितेतले नव्वदावे स्तोत्र वाचले जायचे. माणसाला वर्षे सत्तर, अंगात जोर असलाच तर ऐंशी, असा त्यातला हिशेब. लहानपणी सत्तर म्हणजे अमाप वाटायचे. आता सत्तरी मागे पडली, आणि हिशेब करायला बोटे पुरतात. या स्तोत्रात देवाकडे आयुष्य वाढवून मागितलेले नाही, दिवस मोजण्याचे शहाणपण मागितले आहे. एवढे आम्हाला पाठ होते. पण अगदी शेवटी आणखी एक मागणी आहे, हातच्या कामाला देवाने स्थैर्य द्यावे अशी. ती आम्ही कित्येक वर्षे नुसतीच वाचत होतो.

रोमच्या सेनेकाचा आयुष्याच्या अल्पतेवरचा निबंध विद्यार्थ्यांना शिकवताना आम्हाला फार आवडायचा. त्याचे म्हणणे असे की आयुष्य थोडे नसतेच, आपण ते उधळतो. पैसा जपणारा माणूस वेळ मात्र कुणालाही देऊन टाकतो. हा निबंध ज्या पौलिनसला उद्देशून आहे, तो रोमच्या धान्यपुरवठ्याचा अधिकारी होता. सेनेका त्याला सांगतो, धान्याचे हिशेब सोड आणि स्वतःसाठी जग. गोंदियासारख्या धानाच्या आणि राईस मिलच्या गावात हा उपदेश कितपत पचेल, आम्हाला शंका आहे! लोकांच्या पोटाचा हिशेब ठेवणारा माणूस वेळ वाया घालवतो, हे आम्हालाही आता पटत नाही. सेनेकाच्या हिशेबात वेळ माझ्या मालकीचा आहे. ख्रिस्ती विचारात तो मालकीचा नाही, ठेव आहे. आणि ठेव नुसती जपून भागत नाही.

आता आपल्या भागात येऊ. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५मध्ये नागपूरला आले. त्यांच्या नावाचे कॉलेज आपल्याला माहीत आहे. ते नाव १८८३चे, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी दिलेले. उपदेश आणि शाळा हे त्यांचे काम. पण रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर ते नागपूरभोवतीचे खडक आणि जीवाश्मही शोधत हिंडले. हिस्लोपाइट हे खनिजाचे नाव त्यांच्यावरूनच पडले. एका हातात कोट्यवधी वर्षांचा दगड आणि दुसऱ्या हातात स्वतःचे इवलेसे आयुष्य! आणि हिंडता हिंडता ते गोंडांची भाषा, शब्द, गाणी कागदावर उतरवत गेले.

४ सप्टेंबर १८६३ला ते टाकळघाटला होते. तिथे प्राचीन शिळावर्तुळांचे उत्खनन चालू होते आणि मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल हजर होते. परतताना हिस्लॉप बोरीच्या शाळेत थांबले. रात्री घोड्यावरून एकटे येताना पुराच्या ओढ्यात बुडून गेले. सेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर आला होता.

मागे राहिले कागद. ना पुस्तक, ना प्रस्तावना. टेम्पल यांनी ते जुळवून १८६६मध्ये छापले. त्यात पारी कुपार लिंगोचे गोंडी गीत आहे. डोंगरात कोंडलेल्या गोंडांची लिंगो सुटका करतो ती कथा, आणि तिच्यात काचिकोपा लोहागड हे नाव. आपल्या सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला गोंड समाज हेच नाव देतो आणि माघ पौर्णिमेला हजारोंनी तिथे जमतो. हे गीत काही हिस्लॉपांनी वाचवले नाही, ते गाणाऱ्यांनीच वाचवले; हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण मिशनऱ्यांना नको ते श्रेय देण्याची आमच्या लोकांना सवय आहे. पण दुसऱ्याच्या श्रद्धेचे गाणे नीट ऐकून, शब्दन् शब्द लिहून ठेवण्यात त्यांनी आपले मोजके दिवस घातले. ज्या कामासाठी ते आले, त्याच्या मानाने हे अवांतर काम. पण टिकले तेच.

कचारगडला उतरायचे स्टेशन दरेकसा. त्याच लोहमार्गावरून १८९३च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते. म्हणजे गोंदिया ओलांडूनच गेले. डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी गप्पा झाल्या, त्याने नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत झाला. या निर्णयाची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. पाच वर्षे पतीपासून वेगळे राहून १९००मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ही बाजू प्रवचनांतून नेहमी झटकन उरकली जाते. ती तशी उरकू नये.

टिळकांनी दिवस कसे खर्चले? सेनेकाने बघितले असते तर कपाळाला हात लावला असता. घर कायम माणसांनी भरलेले. बालकवी ठोमरे नगरला त्यांच्याच घरी राहिले. ते बालकवी ५ मे १९१८ला भादली स्टेशनाजवळ गाडीखाली सापडून गेले, अठ्ठाविसाव्या वर्षी. त्याआधी वर्षभर, १९१७मध्ये, टिळकांनी मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला होता. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, सर्वच ख्रिस्तभक्तांसाठी. पंचावन्नाव्या वर्षी नवा संसार! ९ मे १९१९ला टिळक गेले. ख्रिस्तचरित्रावरचे 'ख्रिस्तायन' दहा-अकरा अध्यायांवर थांबलेले होते.

इथे कुणी म्हणेल, शिष्य आणि पाहुणे थोडे कमी केले असते तर काव्य पुरे झाले असते. आम्हीही तसेच म्हणत असू, वर्गातसुद्धा. आता वाटते, त्या भरलेल्या घरातच काव्य पुरे करणारी व्यक्ती तयार होत होती. लग्नाच्या वेळी अक्षरओळख नसलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढे चौसष्ट अध्याय रचले. पुस्तक १९३८मध्ये निघाले तेव्हा त्याही हयात नव्हत्या. त्यांच्या 'स्मृतिचित्रे'चा शेवटचा भागसुद्धा त्यांच्या मागे प्रसिद्ध झाला. त्यांचे अपुरे काम मुलाने, देवदत्तांनी, हातात घेतले होते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याच्या उलट जाते, म्हणून ते टाळता येत नाही. त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर पुरे केले, आणि शेवटची प्रुफे हातावेगळी होताच ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या, असे सांगतात. काम पुरे झाले. पण मुक्ती मिशन जिच्या हाती द्यायचे ती मनोरमा आदल्याच वर्षी गेली होती. काम पुरे होणे आणि ते घेणारा हात असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही आपल्या ताब्यात नसतात. तरी दुसरीची थोडी तजवीज करता येते, एवढे खरे.

म्हणून विचारणाऱ्या त्या श्रोत्यांना आमचे उत्तर जरा घरगुती आहे. आमच्या कपाटात संत ऑगस्टिनच्या कालविचारावरचे एक हस्तलिखित बावीस वर्षे पडून होते. 'सवड मिळाली की' या सबबीखाली. दिवाळीनंतर ते आम्ही एका जुन्या विद्यार्थिनीच्या हवाली केले. तिने पहिलीच तक्रार केली, "सर, अक्षर लागत नाही." तेव्हापासून दर शनिवारी आम्ही वाचून दाखवतो आणि ती टाइप करते. परवा चौथे प्रकरण झाले. तिथला आमचा एक युक्तिवाद तिला चुकीचा वाटतो. ती बहुधा बरोबर आहे. पुढच्या शनिवारी बघू.